गोष्ट वाचून मूल काय म्हणते, ते ऐकणार कोण?

१४ एप्रिल जवळ आला की जालना जिल्ह्यातील गावोगावच्या विहारांत मुलांच्या भाषणांची तयारी सुरू होते. कोणीतरी ताई किंवा दादा दोन पाने लिहून देतात. मूल ती पाठ करते. कुठे आवाज चढवायचा आणि कुठे मूठ आवळायची, हेही शिकते. जयंतीच्या दिवशी माईकसमोर ते धडाधड बोलते आणि टाळ्या मिळवते. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्या समाजातले सहा-सात वर्षांचे मूल न घाबरता भरल्या मंडपासमोर उभे राहते, याचे मोल आम्हाला माहीत आहे. ते कमी लेखण्यासाठी हा लेख नाही.

पण त्या भाषणातील वाक्ये मुलाची स्वतःची नसतात. तेच मूल शाळेच्या वाचन कोपऱ्यातून गोष्टीचे पुस्तक घरी आणते, वाचते, त्यातल्या कोल्ह्यावर चिडते, शेवट पटला नाही म्हणून कुरकुरते. त्या वेळी मात्र समोर श्रोता नसतो. आपण फार तर विचारतो, "वाचलंस का?" आणि "हो" ऐकून आपल्या कामाला लागतो. "कसं वाटलं?" हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो.

वाचलेल्या गोष्टीवर मुलांनी आपले मत सांगणे हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आहे. आम्हाला तो चळवळीच्या मुळाशी जाणारा वाटतो. मुलांचे मत म्हणजे नेमके काय, ते आपल्या परंपरेत कुठे बसते आणि आपापल्या गावात त्याला जागा कशी करून द्यायची, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

वाचाळ कासवाची गोष्ट मुळात कोणासाठी होती?

दोन हंस आणि एक कासव ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. हंस काठीची दोन टोके चोचीत धरतात, कासव मधोमध काठी दातांत पकडते आणि तिघे आकाशातून जातात. खालची माणसे आश्चर्याने ओरडतात. त्यांना उत्तर देण्यासाठी कासव तोंड उघडते आणि खाली पडून मरते. बोध ठरलेला: जास्त बोलू नये. वर्गात गडबड करणाऱ्या मुलाला गप्प करायला ही गोष्ट फार सोयीची आहे.

पालीतील जातककथांत हीच गोष्ट 'कच्छप जातक' या नावाने आहे. जातकसंग्रहात एकूण ५४७ कथा आहेत आणि दुर्गा भागवत यांनी त्या 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या. कच्छप जातकात गोष्टीभोवती आणखी एक गोष्ट आहे, आणि आपण नेमकी तीच गाळली. वाराणसीचा राजा फार बोलका होता. तो बोलू लागला की दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच उरत नसे. बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजाची ही सवय मोडावी कशी, याची संधी तो शोधत होता. ते कासव पडले राजाच्याच अंगणात. राजाने कारण विचारले आणि अमात्याने ते सांगितले. हे बोलणे आपल्याला उद्देशून आहे, हे राजाच्या लक्षात आले आणि त्यानंतर तो मोजके बोलू लागला.

म्हणजे ही कथा सांगितली गेली ती सत्तेवर बसलेल्या, दुसऱ्याला बोलू न देणाऱ्या माणसाला. आपण ती उलटी फिरवून मुलांवर वापरतो. घरात, वर्गात आणि विहारात तो राजा कोण असतो, याचा विचार आपण मोठ्यांनी करायला हवा.

आणखी एक बारकावा. जातककथा पुष्कळदा एकाच पद्धतीने सुरू होतात. भिक्खू एकत्र बसून काहीतरी बोलत असतात. तथागत येतात आणि आधी विचारतात की तुमचे काय बोलणे चालले होते? भिक्खू सांगतात आणि मग त्या बोलण्यातून गोष्ट निघते. आधी समोरच्याचे ऐकणे आणि नंतर आपले सांगणे, हा क्रम त्या कथांच्या रचनेतच आहे.

एका मुलाचे न पटणे

वाचलेल्या गोष्टीवर मुलाने मत दिले आणि ते कोणी ऐकून घेतले तर त्यातून काय घडू शकते? महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरातल्या तसबिरीत आहे.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत आली नाही. ती पुढे प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी आपल्या मुंबईतील शाळकरी दिवसांतला प्रसंग सांगितला आहे. ते एक परीक्षा पास झाले म्हणून वस्तीतील लोकांना त्यांचा सत्कार करायचा होता. वडील सुभेदार रामजी आधी तयार नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटत होते. त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांचे मन वळवले. सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले.

मुलाने ते वाचले, भारावून गेला आणि वडिलांना प्रश्न केला. घरात रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत असत. मग बौद्ध वाङ्मयाची ओळख आम्हाला का करून दिली नाही, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगणारे ग्रंथच आम्ही का वाचावेत, असे त्याने विचारले.

पुढे जे झाले ते तीन टप्प्यांत झाले आणि प्रत्येक पालकाने ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिल्यांदा वडिलांनी झटकून टाकले. मुलांनी असले वेडे प्रश्न विचारू नयेत, सांगितलेले ऐकावे, असे ते म्हणाले. आजही आपल्या घरांत हेच वाक्य रोज ऐकू येते. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा काढला. या वेळी वडिलांनी आपले खरे कारण सांगितले. आपण अस्पृश्य मानले गेलो, त्यामुळे मनात न्यूनगंड येऊ शकतो. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले ते पाहावे, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला ते पाहावे, म्हणून हे वाचायचे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातले कोणतेच पात्र आपल्याला आवडत नाही, असे त्याने सांगितले. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांच्या वागण्यातले आपल्याला काय खटकते, रामाने शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी केलेले वर्तन का पटत नाही, हे त्याने एकेक करून मांडले. तिसऱ्या वेळी वडील गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याकडे आम्ही तुमचे लक्ष वेधू इच्छितो. रामजी धार्मिक वृत्तीचे, कबीरपंथी होते. मुलाचे बोलणे त्यांना रुचले असेल असे नाही. तरी त्यांनी पुस्तक हिसकावून घेतले नाही. आपला मुलगा बंड करतो आहे, हे त्यांना कळले आणि त्यांनी ते बंड घरात राहू दिले. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, आधीच्या वाचनामुळे आपल्याला तुलना करता येत होती, असे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत नोंदवले आहे. तुलना करणारे हे मन घडले ते घरात वाचलेल्या कथांवर उघडपणे मत देण्याच्या त्या वादांतून.

याच्याही आधी, १८५५ मध्ये, पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने, ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न विचारला. निबंध लिहिणारी शाळकरी मुलगी होती. तिला लिहिते करणारी शाळा आणि ते छापणारे पत्र मिळाले, म्हणून आज आपल्याला तिचे मत वाचता येते.

भोगवर्धनपासून आजच्या जालन्यापर्यंत

जालना जिल्ह्याशी गोष्टींचे नाते जुने आहे. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातील भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. ज्या सांचीला इथल्या माणसांनी दान पाठवले, तिथल्या तोरणांवर जातककथा कोरलेल्या आहेत. शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत त्या रंगवलेल्या आहेत. अक्षर न येणाऱ्या माणसालाही त्या दिसाव्यात आणि त्यांवर बोलता यावे, अशी ही सोय होती.

मधल्या शतकांत हे नाते तुटले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. शाळा मोजक्या होत्या आणि वरचे शिक्षण उर्दूतून होते. आपल्या मुलांसाठी तर शाळेचा उंबरठाही दूर होता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. नागसेन म्हणजे उत्तरे देणारे भिक्खू आणि मिलिंद म्हणजे त्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा. विद्यार्थी ज्या दारातून आत जातो त्या दारावर बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले, हे नावाचा जयजयकार करताना आपण विसरतो.

आज जिल्ह्यातील चित्र बदलले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत वाचन कोपरे आहेत. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. कोरोनाकाळात सुरू झालेला 'गोष्टींचा शनिवार' पालकांच्या मोबाइलवर गोष्टी घेऊन आला. २०२४ च्या महावाचन उत्सवात राज्यातील तिसरी ते बारावीच्या मुलांनी आवडीचे पुस्तक वाचून त्यावर थोडक्यात लिहावे आणि मिनिटभर बोलावे, अशी योजना होती. म्हणजे मुलाने वाचलेल्यावर बोलावे, हे सरकारी परिपत्रकानेही मान्य केले आहे. पण परिपत्रकाचे एक मिनिट संपले की मूल पुन्हा आपल्याकडेच येते. तिथे कोण बसले आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

आपल्या जिल्ह्याची एक वेगळी अडचणही आहे. दिवाळी झाली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ थांबतात. ज्या मुलाचे अर्धे वर्ष असे विस्कटते, त्याला "शाळेत काय शिकवलं?" हा प्रश्न टोचतो. "त्या गोष्टीतलं तुला काय आवडलं?" या प्रश्नाला मात्र त्याच्याकडेही उत्तर असते. आजीला वाचता येत नसेल, ऐकता तर येते. नातवाने सांगितलेली गोष्ट ऐकून "मग पुढं काय झालं?" विचारणारी आजी ही वाचन चळवळीची पहिली कार्यकर्ती आहे.

सारांश, बोध आणि मत

या तीन गोष्टींची आपल्याकडे गल्लत होते. गोष्टीत काय घडले ते सांगणे हा सारांश. गोष्ट काय शिकवते ते सांगणे हा बोध. गोष्ट वाचताना मला काय झाले ते सांगणे हे मत. शाळेच्या पेपरात पहिल्या दोन गोष्टी विचारल्या जातात. त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक ठरतात, म्हणून मूल सावध होते आणि गाइडमधले उत्तर देते. मताला बरोबर-चूक नसते. त्याला कारण मात्र असावे लागते. "मला ससा आवडला नाही" हे मताचे पहिले पाऊल. "कारण तो हरल्यावर रडलासुद्धा नाही" हे दुसरे पाऊल. दुसऱ्या पावलापर्यंत मुलाला घेऊन जाणे, एवढेच आपले काम आहे.

इंग्लंडमधील लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांवर बोलण्याची एक सोपी रीत सांगितली. 'टेल मी' हे त्यांचे पुस्तक १९९३ मध्ये आले. त्यांच्या पद्धतीत मुळात चारच प्रश्न आहेत. आपल्या भाषेत ते असे विचारता येतील: यातले काय आवडले? काय आवडले नाही? कुठे कोडे पडले, म्हणजे समजले नाही किंवा विचित्र वाटले? आणि हे वाचताना दुसरे काही आठवले का, काही जुळले का? चेंबर्स यांचा आणखी एक सल्ला महत्त्वाचा आहे. मुलाने मत दिले की लगेच "का?" असे विचारू नये. मोठ्यांच्या तोंडचे "का?" मुलाला उलटतपासणीसारखे वाटते आणि ते "असंच" म्हणून गप्प होते. त्याऐवजी "सांग ना जरा आणखी" म्हणावे. आपल्याकडच्या मायेच्या सुरात विचारलेले "काहून रे?" कदाचित चालून जाईल, पोलिसी थाटातले चालणार नाही.

फ्रेंच लेखक डॅनियल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पाने गाळण्याचा, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क त्यांत आहे. शेवटचा हक्क आहे वाचलेल्याबद्दल काहीही न बोलण्याचा. मुलांना बोलते करायला निघालेल्या कार्यकर्त्यांनी तो विसरू नये. एखादी गोष्ट मुलाच्या फार आत जाते आणि त्याला त्यावर बोलायचे नसते. त्याला गोलातून उठवून बोलायला लावणे म्हणजे पुन्हा भाषणस्पर्धाच झाली.

मत आपल्याला आवडले नाही तर?

खरी परीक्षा इथे आहे. दुसऱ्यांच्या ग्रंथांवर आपल्या मुलाने प्रश्न उभे केले की आपली छाती फुगते. आपल्या पुस्तकांवर त्याने तसेच बोलले तर?

उदाहरणार्थ वेस्संतर जातक घेऊ. सांचीच्या उत्तर तोरणावर ते कोरलेले आहे आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेले आहे. दानशूर राजपुत्र वेस्संतर वनवासात असताना जूजक नावाचा ब्राह्मण येतो आणि त्याची दोन मुले, जाली आणि कण्हाजिना, दान म्हणून मागतो. मुले घाबरून कमळांच्या तळ्यात लपतात. वडील त्यांना हाक मारून बाहेर बोलावतात आणि दान करतात. जूजक त्यांना वेलींनी बांधून, मारत नेतो. शेवटी आजोबा त्यांना सोडवतात.

समजा, विहारात ही गोष्ट वाचून झाल्यावर चौथीतली एखादी मुलगी म्हणाली, "मला हा राजा नाही आवडला. त्यानं लेकरांना इचारलं का?" बहुतेक ठिकाणी काय होईल ते आपण जाणतो. कोणीतरी ज्येष्ठ उपासक दान पारमिता समजावून सांगू लागतील आणि मुलगी मान खाली घालून बसेल.

पण हा प्रश्न त्या मुलीने पहिल्यांदा विचारलेला नाही. मूळ कथेत कण्हाजिना स्वतः वडिलांना हाक मारून आपल्याला मारले जात असल्याचे सांगते. कथा रचणाऱ्यांनी मुलीचा तो आक्रोश पुसून टाकला नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तर राजा मिलिंद नागसेनांना हेच विचारतो की मुले दुःखी होत असताना, रडत असताना त्यांचे दान करणे योग्य कसे? नागसेन त्याला गप्प बस म्हणत नाहीत. ते सविस्तर उत्तर देतात, राजा पुन्हा शंका काढतो, ते पुन्हा उत्तर देतात. ज्या राजाच्या नावाचे महाविद्यालय बाबासाहेबांनी उभारले, त्या राजाचा प्रश्न आपल्या चौथीतल्या मुलीच्या तोंडी आला तर ते उद्धटपणाचे लक्षण कसे?

हेच बाबासाहेबांवरील बालपुस्तकांबाबत. एखादा मुलगा म्हणाला, "हे पुस्तक बोअर झालं, यात नुसत्या तारखाच आहेत," तर तो बाबासाहेबांचा अवमान करत नसतो. त्याला त्या पुस्तकात माणूस सापडला नाही, एवढेच तो सांगतो. लेखकांनी आणि प्रकाशकांनी ऐकावे असे ते मत आहे. त्या मुलाला दरडावले तर तो पुढच्या वेळी "खूप छान पुस्तक आहे, यातून मला प्रेरणा मिळाली" असे तयार वाक्य म्हणेल. आपल्याला खोटी स्तुती मिळेल आणि एक वाचक कायमचा जाईल.

मुले आणखी एक गोष्ट टिपतात. पुस्तकात आपल्यासारखे घर आहे का? अमेरिकेतील अभ्यासक रुडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटले होते की मुलांना पुस्तकांत आरसेही मिळायला हवेत आणि खिडक्याही. आरशात स्वतःचे जग दिसते, खिडकीतून दुसऱ्याचे. आपल्या मुलांना मराठी बालसाहित्यात खिडक्या भरपूर मिळाल्या. वाडा, अंगणातली तुळस, मामाच्या घरची आमराई. विहार, पत्र्याचे घर, ऊसतोडीची कोपी, जयंतीची मिरवणूक फारच क्वचित दिसते. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेने २००८ मध्ये 'डिफरंट टेल्स' ही पुस्तकमाला काढली, ती याच उणिवेतून. तीत दलित आणि मुस्लिम घरांतली मुले गोष्टीच्या मध्यभागी आहेत. मराठीत असे काम वाढायचे असेल, तर "यात आमच्यासारखं कुणीच नाही" हे मुलाचे मत आधी कोणीतरी ऐकून लिहून ठेवले पाहिजे.

रविवारचा एक तास

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. मोठी माणसे ऐकतात आणि मुले मागे चुळबुळत बसतात. त्या तीन महिन्यांत बारा-तेरा रविवार येतात. त्यातला एक-एक तास मुलांसाठी बाजूला काढला, तर फारसा खर्च न होता काम उभे राहते.

दहा-बारा मुले गोलात बसवावीत. माईक नको, स्टेज नको, प्रमुख पाहुणे नकोत. पुस्तक मुलांनी निवडावे. पहिला अर्धा तास वाचन. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्याला मोठ्या मुलाने किंवा ताईने वाचून दाखवावे; ऐकलेल्या गोष्टीवरही मत देता येते. उरलेला अर्धा तास बोलणे. वर सांगितलेले चार प्रश्न पुरेत. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचले असेल तर मते वेगळी निघतात आणि मुलांना प्रथमच कळते की आपल्या मित्राशी न भांडता असहमत होता येते. हे शिकलेला मुलगा उद्या संघटनेच्या बैठकीत वेगळा दिसेल.

मोठ्या माणसाने शेवटपर्यंत आपले मत सांगू नये. ताईचे मत आधी कळले की बाकीची दहा मते तिच्या मताची नक्कल होतात.

मुलाची भाषा दुरुस्त करू नये. "लई भारी" हे "अतिशय उत्कृष्ट" यापेक्षा खरे असते. आपल्या जिल्ह्यात तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात, शहरातील कितीतरी मुले दखनी हिंदी-उर्दू बोलतात. विहाराच्या गोलात तीही बसू द्या आणि त्यांच्या भाषेतच बोलू द्या. मराठी शब्द मागून येतील.

मुलींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. एकत्र गोलात मुलगे आधी आणि जास्त बोलतात. प्रत्येक वेळी सुरुवात वेगळ्या मुलापासून केली की हे बरेच सुटते.

बक्षीस ठेवू नये. क्रमांक आला की मूल परीक्षकाला आवडेल ते बोलू लागते. त्यापेक्षा एक वही ठेवावी आणि प्रत्येकाचे मत त्याच्याच शब्दांत, नावासह, पुस्तकाच्या नावाखाली लिहावे. पुढच्या आठवड्यात दुसरे मूल पुस्तक निवडताना ती वही चाळेल. आपण बोललो ते कोणीतरी लिहून ठेवले, दुसऱ्याने वाचले, हे मुलाला कोणत्याही ढालीपेक्षा जास्त दिवस पुरते.

पुस्तके कुठून आणायची, हा प्रश्न येतोच. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके स्वस्त असतात. माधुरी पुरंदरे यांची लहान मुलांसाठीची पुस्तके बोलके करणारी आहेत, कारण त्यांत बोध डोक्यावर मारलेला नसतो. गावातील सार्वजनिक वाचनालय 'ड' वर्गाचे असले तरी तिथे बालविभाग आहे का, हे जाऊन विचारावे. नसेल तर मागणी करावी. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका तासाचे भाडे वाचवले, तरी एक पेटीभर पुस्तके येतात.

वर्षावास संपता संपता दिवाळी येते आणि टोळ्या निघू लागतात. फडावर जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत दोन पुस्तके द्यावीत. परत येतील की नाही, याची काळजी करू नये. आठवड्यातून एकदा वडिलांच्या मोबाइलवर त्याला फोन करावा आणि त्याने दोन मिनिटे गोष्टीबद्दल बोललेले ऐकावे, किंवा आवाजाचा संदेश मागवावा. शाळा सुटली तरी ऐकणारे माणूस सुटले नाही, हे त्याला कळू द्या. उन्हाळ्यात तो गावी परतेल तेव्हा वहीतली त्याची पाने कोरी नसतील.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. हे सूत्र आपण भाषणांत वारंवार सांगतो. पारखायची सवय मोठेपणी अचानक लागत नाही. ती लागते सात-आठ वर्षांच्या वयात, एखाद्या चित्रमय पुस्तकातील कोल्ह्यावर, कासवावर, राजावर आपले बरेवाईट मत सांगताना आणि ते कोणी शांतपणे ऐकून घेतल्यावर.

म्हणून जालना जिल्ह्यातील आणि इतरत्रच्याही युवक-युवतींना आमचे एवढेच सांगणे आहे. येत्या आषाढ पौर्णिमेच्या आधी आपल्या विहारासाठी वीस पुस्तके, एक वही आणि एक सतरंजी जमवा. ऐकायला कोण बसणार, ते आत्ताच ठरवा. ज्यांना कमी बोलून जास्त ऐकता येते, अशा कार्यकर्त्यावर ही जबाबदारी सोपवा. पहिल्या रविवारी तीनच मुले आली तरी तास पूर्ण घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!